फरशीला नको, उताराला घ्या

दादा, तुम्ही विचारलंय की सांगलीतल्या घराचं काम निघालंय तर डिजिटल लेव्हल (स्क्रीनवर कल अंशात दाखवणारी पट्टी) घ्यावी का साधी बबलवाली पुरे. नुसती फरशी असेल तर माझ्या मते नका घेऊ, कारण डिजिटलमध्ये ०.१ अंशाची चूक धरली तरी मीटरला पावणेदोन मिमी फरक पडतो, चांगली साधी लेव्हल अर्धा-एक मिमीत बसते, आणि एका खोलीतनं दुसऱ्या खोलीत लेव्हल न्यायला गवंड्याची पाण्याची नळीच भारी, तिला सेल पण लागत नाहीत.

पण उतार मोजायचाय तर डिजिटलच घ्या. बाथरूमला १०० ला १ उतार म्हणजे साधारण ०.६ अंश, साध्या लेव्हलमध्ये बबल नुसता सरकलेला दिसतो, किती ते कळत नाही. गच्चीवर सोलर बसवणार असाल तर अजूनच उपयोगी, आपली सांगली १७ अक्षांशाजवळ, म्हणून स्टँडचा कल पण १७ अंशाच्या आसपास ठेवायचा, फॅब्रिकेशनवाल्यासमोर आकडा धरला की विषय संपला.

घेताना दुकानातच काउंटरवर ठेवून आकडा बघा, मग तिथंच टोकाला टोक फिरवून परत ठेवा, आकडा तेवढाच यायला पाहिजे. नाही आला तर कॅलिब्रेट करून, म्हणजे आकडा परत नीट जुळवून दाखवा म्हणायचं, तरीही नाही जुळला तर तो पीस घेऊच नका.