गॉफमन यांनी मनोरुग्णालयांविषयीचे आपले मत बदलले होते का?

प्रश्न (विद्यार्थिनी, एम.ए. समाजशास्त्र, दुसरे वर्ष)
नमस्कार. ‘सामाजिक विचलन’ (समाजाचे नियम मोडणारे वर्तन) या पेपरसाठी मी समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांच्या कारकिर्दीवर निबंध लिहीत आहे. वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स मनोरुग्णालयात १९५५-५६ साली केलेल्या निरीक्षणांतून त्यांचे ‘असायलम्स’ (१९६१) हे पुस्तक आकाराला आले आणि त्यात सारा रोख रुग्णालयाच्या व्यवस्थेवर आहे. ‘द इन्सॅनिटी ऑफ प्लेस’ या १९६९ च्या लेखात मात्र एका माणसाच्या आजाराने अख्खे घर कसे विस्कटते, याचेच विस्ताराने वर्णन येते. आठ वर्षांत गॉफमन यांनी आपले मत फिरवले, असे लिहिणे योग्य ठरेल का?

प्रतिसाद १ (निवृत्त प्राध्यापक)
‘फिरवले’ हा शब्द टाळावा, असे मी सुचवेन. सात हजारांहून अधिक रुग्ण असलेल्या त्या रुग्णालयात गॉफमन क्रीडा-संचालकांचे सहायक म्हणून वावरले, कर्मचाऱ्यांप्रमाणे किल्ली बाळगण्याचे आणि कर्मचाऱ्यांमध्ये मिसळण्याचे त्यांनी कटाक्षाने टाळले, आणि आपले लेखन रुग्णांच्या बाजूला झुकलेले आहे हे प्रस्तावनेतच मान्य केले. इतर बहुतेक लेखन मानसोपचारतज्ज्ञांच्या बाजूने झालेले असल्यामुळे आपला तोल निदान योग्य दिशेला गेला आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. (आमच्या वर्गात ‘समग्र संस्था’ (जिथे माणसांचे सारे आयुष्य बाहेरच्या जगापासून तुटून एकाच व्यवस्थेखाली चालते) ही त्या पुस्तकातली संकल्पना पाठ होत असे, ही प्रस्तावना मात्र कुणी उघडत नसे.) तेव्हा ‘असायलम्स’मध्ये घरच्यांची बाजू अपुरी आली असेल, तर त्याचे कारण लेखक कुठे उभा होता यात शोधावे. १९६९ च्या लेखातही रुग्णालयांची गय केलेली नाही. रुग्णाला घरातून दूर नेल्याने काही वेळा भले होते, परंतु ते काम डॉक्टरांनी नव्हे तर कुंपणांनी केले, असे ते तिथे म्हणतात.

प्रतिसाद २ (मनोविकार विभागातील समाजसेवा अधीक्षक)
प्राध्यापकांशी मी सहमत आहे, पण त्या लेखाचे वजन कमी लेखू नये. घरातला माणूस आपली पायरी सोडून वागू लागला की बाकीचे त्याच्या नकळत पैसे लपवतात, फोनवर लक्ष ठेवतात, आपसांत कुजबुजतात, आणि ज्याच्या काळजीपोटी हे चालले आहे त्याच्याच विरुद्ध घर कट करू लागते. नातेवाइकांशी बोलताना हे मी इतक्या वेळा ऐकले आहे की तो लेख प्रथम वाचताना जागोजागी थांबावे लागले. ‘शिक्का बसल्यामुळे माणूस विचलित, म्हणजे नियमबाह्य, ठरतो’ एवढ्या सिद्धांतावर भागत नाही, कारण शिक्का बसण्याच्या कितीतरी आधी घरात ही ओढाताण सुरू झालेली असते.

प्रतिसाद ३ (संशोधक)
दोन गोष्टी जोडतो. गॉफमन यांच्या पत्नी मानसिक आजाराने ग्रस्त होत्या आणि १९६४ साली त्यांनी आत्महत्या केली. अभ्यासक या घटनेचा संबंध १९६९ च्या लेखाशी जोडतात, परंतु लेखात तिचा उल्लेख नाही, म्हणून निबंधात ती कारण म्हणून न मांडता संदर्भ म्हणून मांडावी. दुसरे असे की, लेखानंतर वर्षभरातच, १९७० साली, मानसोपचारतज्ज्ञ थॉमस सास आणि कायद्याचे प्राध्यापक जॉर्ज अलेक्झांडर यांच्यासह गॉफमन यांनी रुग्णांना सक्तीने दाखल करण्याविरुद्ध एक संघटना स्थापन केली. मत फिरवलेला माणूस असे कशाला करील?

प्रश्नकर्ती
सर्वांचे मनापासून आभार. ‘मतपरिवर्तन’ हे शीर्षक मी काढून टाकत आहे. पहिला भाग रुग्णालयातून दिसणाऱ्या घराचा आणि दुसरा घरातून दिसणाऱ्या रुग्णाचा, अशी मांडणी करते. १९७० ची संघटना दुसऱ्या भागाच्या शेवटी घेईन. प्रस्तावना आज पुन्हा वाचायला घेते.