विषय: जहाज येऊ द्यायचं की नाही (मॉरिशसमधल्या आपल्या मंडळाचं पत्र)

प्रेषक: ताई, पोर्ट लुई

नमस्कार मंडळी,
पुढच्या आठवड्यातल्या क्रूझवर तापाचे पेशंट आहेत, असा मेसेज सगळ्यांकडे फिरतोय. कुठला व्हायरस, किती जण, काहीच धड कळत नाही. काल बाजारात भाजीवालीसुद्धा तेच बोलत होती. काहींचं म्हणणं आहे की जहाजाला बंदरात घेऊच नये, असं पत्र मंडळाच्या लेटरहेडवर द्यावं. मजकूर जोडलाय. रविवारपर्यंत होकार-नकार कळवा.

प्रेषक: अप्पा

माझी सही धरा. मोठ्या देशाचं ठीक असतं, एक शहर आजारी पडलं तर दुसरं आहे. आपल्याला पळायला चारी बाजूंना समुद्र. आणि नाना आता मुंबईहून लांबलचक लिहिणार, त्यांना आधीच सांगतो, तिथे बसून बोलणं सोपं आहे.

प्रेषक: नाना, माझगाव

अप्पा, लिहिणारच होतो. मी मंडळाचा वर्षातून तीन महिन्यांचा सभासद, लेकीकडे येतो तेव्हापुरता, हे मान्य. पण बेटाचं मला सांगू नका. माझगाव हे मुंबईच्या मूळ सात बेटांपैकी एक. आमच्या गच्चीवरून अजून गोदीतल्या क्रेन दिसतात.

1896 साली प्लेग पहिल्यांदा ओळखला गेला तो मांडवीत, गोदीला लागून. डॉ. व्हिएगस यांनी रोग ओळखला, आणि पुढल्या काही महिन्यांत निम्मी मुंबई गाव गाठायला निघाली. माझी पणजी तेव्हा गुहागरला गेली ती परत आलीच नाही, म्हणून आमचे निम्मे नातेवाईक तिकडे. पण मला सांगायचंय ते वेगळंच. 1897 मध्ये त्या प्लेगपायी व्हेनिसला आंतरराष्ट्रीय परिषद भरली. मुंबईहून सुटलेल्या जहाजांची सगळ्या जगाने धास्ती घेतली होती. तेव्हा आपण किनारा नव्हतो. आपणच ते जहाज होतो.

1918 चं तर आणखी गमतीचं, म्हणजे गमतीचं कसलं. मेच्या शेवटी सैनिकांना घेऊन जहाज आलं, जूनमध्ये गोदीवर पहारा करणारे सात शिपाई तापाने इस्पितळात गेले. शहराचे आरोग्य अधिकारी टर्नर म्हणाले, जहाजाने ताप आणला. सरकार म्हणालं, जहाजावरच्या लोकांना तो मुंबईतच लागला. ते एकमेकांकडे बोट दाखवत राहिले आणि इन्फ्लुएन्झा रेल्वेत बसून देशभर गेला.

अप्पा, तुमच्याच बेटाचं सांगतो. 18 मार्च 2020 ला मॉरिशसने पहिले तीन कोविड पेशंट जाहीर केले. त्यातले दोघं क्रूझवर नोकरी करणारे होते, पण घरी आले विमानाने. बंदराला कुलूप लावून ती दोन पोरं अडली असती का?

आणि बंदर बंद करणं म्हणजे काय, हे तुमच्याकडच्या जुन्या घराण्यांना विचारा. 1856 मध्ये कॉलरा आहे म्हणून कलकत्त्याहून आलेल्या मजुरांना उत्तरेच्या गॅब्रिएल बेटावर उतरवून दिलं. शेकडो माणसं तिथेच गेली. तीही आपलीच की.

आता माझं स्वतःचं. मी गोदीत टॅली क्लार्क, म्हणजे चढ-उतार होणाऱ्या मालाची मोजणी ठेवणारा. एका पावसाळ्यात परदेशी मालवाहू जहाज लागायचं होतं. पोर्ट हेल्थचे डॉक्टर लाँचमधून गेले, बूट काढून पिशवीत घातले आणि दोरशिडी चढले. वर कॅप्टनने कॉफी आणि भरलेला फॉर्म तयार ठेवलेला. आजारी कोणी? कोणी नाही. सगळं झालं, प्रॅटिक (बंदरात यायची आरोग्य परवानगी) मिळालं, पिवळं निशाण उतरलं. (लोकांना वाटतं पिवळं निशाण म्हणजे रोग. आजच्या नियमात त्याचा अर्थ उलटा: जहाज निरोगी आहे, आत येऊ द्या.) दुसऱ्या दिवशी मी होल्डचा, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या मालाचा, हिशेब करायला चढलो, तर खाली भांडी घासणारा पोरगा गोणपाटावर तापाने फणफणलेला. म्हणाला, सांगितलं तर काँट्रॅक्ट तोडून घरी पाठवतील, साहेब. बस. सगळं तिथेच आलं.

डायमंड प्रिन्सेस या क्रूझवर, 2020 च्या फेब्रुवारीत, जपानच्या योकोहामाला 3,711 माणसं होती, 712 जणांना कोविडची लागण झाली. प्रवाशांना खोलीत बसवलं, पण खोलीखोलीत जेवण पोचवणारी पोरं कामावरच होती, आणि रात्री एका केबिनमध्ये दोघं-दोघं झोपत होती. त्यात आपले 132 भारतीय कर्मचारी होते. माझा भाचा तेव्हा दुसऱ्या एका जहाजावर हाउसकीपिंगला होता. एप्रिलमध्ये एका क्रूझवरचे सुमारे दीडशे भारतीय मुंबईत उतरवले तेव्हा आम्ही टीव्हीला चिकटून होतो, त्यात तो असेल म्हणून. तो नव्हता. तो आणखी दोन महिन्यांनी आला, आणि त्याच्या चाळीत जिन्यात दोरी बांधून ठेवली होती. शेजारीण दूध दारापासून दहा पावलांवर ठेवायची. ती आजही त्याच्याकडे बघताना थोडी ओशाळते.

म्हणून माझी सही या मजकुराला नाही. पत्र असं लिहा: शिडी लागण्याआधी बंदराचा डॉक्टर स्वतः वर चढून खालच्या मजल्यांपर्यंत जाईल का? तापाची नोंद करणाऱ्या कर्मचाऱ्याचा पगार चालू राहील, हे कंपनीकडून लिहून घेतलंय का? आजारी माणूस निघाला तर त्याला ठेवायची जागा कुठे? पर्यटकांचं कुणीतरी बघेलच.

प्रेषक: अप्पा

पणजीचं मला माहीत नव्हतं. पगाराचं कलम घाला. शिडीचंही. माझी सही आहेच, पण नाना, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही तर मी पुन्हा जुन्या मजकुरावर जाणार, हे लिहून ठेवतो.

प्रेषक: ताई, पोर्ट लुई

पत्र बदलून दिलं, पोच मिळाली. जहाज आत घेतलेलं नाही, बाहेरच नांगरलंय. बाल्कनीतून दिवे दिसतात. रात्री वरचे मजले विझतात, पाण्यालगतची एक रांग मात्र पहाटेपर्यंत जळत असते. नाना, त्यात कुणी आपलं असेल का हो?

प्रेषक: नाना, माझगाव

असणारच. जहाजाचं नाव कळव, भाच्याला विचारतो. त्यांचा वॉट्सअॅप ग्रुप आहे.