मदत हवी आहे : शिराळ्यातील नागाची स्वप्ने आणि युंगचे आदिबंध
एम.ए. मानसशास्त्राच्या प्रकल्पासाठी मी सांगली जिल्ह्यातील शिराळ्याच्या अकरा स्त्रियांकडून, नावे न नोंदवता, नागाची स्वप्ने लिहून घेतली आहेत. एकीच्या स्वप्नात नाग उंबऱ्यावर फणा काढून बसतो आणि ती लाह्यांची वाटी धरून नुसती उभी राहते. स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगच्या पद्धतीप्रमाणे प्रत्येकीला आधी त्या नागावरून स्वतःला काय आठवते ते विचारले, मगच पुराणकथांशी ताडून पाहिले. परंतु नागपंचमी हाच जिथे गावाचा मोठा सण, तिथे हे प्रतीक संस्कारांतून आले की सामूहिक नेणिवेतून (युंगच्या मते सर्व माणसांत समान असलेला मनाचा अजाण थर, ज्यात आदिबंध म्हणजे प्रतिमांचे मूळ साचे असतात), हे घाईने ठरवणे मला त्यांच्यावर अन्यायाचे वाटते. शुभाशुभ स्वप्नफल नको आहे. पुन्हा मुलाखती घेता येतील. हा भेद उलगडण्यासाठी त्यांना नेमके कोणते प्रश्न विचारावेत?