काळ्या गाडीवर बोअरच्या पाण्याचे डाग, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, गाडी काळी आहे, पेंट कंपनीचाच, कुठेही रिपेंट नाही. सोसायटीत बोअरचं पाणी येतं, एकदम जड, आणि पार्किंग उघड्यावर, त्यामुळे धुतल्यावर पुसेपर्यंतच थेंब वाळतात आणि बॉनेट, टपावर पांढरे गोल डाग राहतात. आता नुसत्या शाम्पूने ते निघत नाहीत.

आधी पांढरं व्हिनेगर निम्मं पाणी घालून मायक्रोफायबरने सावलीत लावलं, लगेच धुतलं, बरेचसे गेले. मग क्ले बार (पेंटवर चिकटलेला कचरा ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी) फिरवला, हाताला पेंट आता गुळगुळीत लागतो. तरी उन्हात तिरकं बघितलं की गोल कडा दिसतातच, म्हणजे डाग क्लिअर कोटमध्ये (रंगावरच्या पारदर्शक थरात) उतरलेत असं वाटतंय. नखाला काही लागत नाही. व्हिनेगरने जुनं वॅक्सही उतरलं असणार, म्हणजे पेंट सध्या उघडाच आहे, त्याचीच जास्त काळजी वाटते.

सिरॅमिक कोटिंग नको, बजेट नाही, आणि डागांवरच कोटिंग मारलं तर ते खाली तसेच राहतील. पार्किंगमध्ये प्लग नाही, त्यामुळे मशीन चालवायचं तर बॅटरीवरचं डीए (ड्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे पॅड फिरता फिरता हलवणारं) पॉलिशरच. रबिंग कंपाउंड मला खूप कडक वाटतं, क्लिअर कोट असतोच जेमतेम ४०-५० मायक्रॉन, एकदा घासला की परत येत नाही.

तर फिनिशिंग पॉलिश फोम पॅडने हाताने घासून या कडा जातील का, की डीए लागेलच? आणि पावसाळ्याआधी वर कार्नोबा वॅक्स (झाडापासूनचं नैसर्गिक मेण) लावू की सिंथेटिक सीलंट (कृत्रिम संरक्षक थर), बोअरच्या पाण्यापुढे जास्त कोण टिकतं?