ओ निगेटिव्ह खरंच सगळ्यांना चालतं का?

बरेच जण म्हणतात की ओ निगेटिव्ह रक्त कोणालाही बिनधास्त देता येतं. तांबड्या पेशींपुरतं हे बरंचसं खरं आहे, पण प्लाझ्माचं (रक्तातल्या द्रव भागाचं) गणित बरोबर उलटं चालतं. ओ गटाच्या प्लाझ्मात अँटी-ए आणि अँटी-बी (ए आणि बी पेशींवर हल्ला करणारी प्रतिपिंडं) दोन्ही असतात, त्यामुळे तो फक्त ओ गटालाच चालतो. सर्वांना चालणारा प्लाझ्मा एबीचा. ही बाजू आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही.

आणि पेशींच्या बाबतीतही एक अपवाद आहेच, बॉम्बे रक्तगट. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी तो प्रथम नोंदवला. ए आणि बी या पेशींवरच्या खुणा ज्या एच प्रतिजनावर (मूळ खुणेवर) घडतात, तो एचच या लोकांच्या पेशींवर नसतो. तपासणीच्या टाइलवर अँटी-ए या निळ्या आणि अँटी-बी या पिवळ्या द्रावणाचा थेंब रक्तात मिसळला तर कुठेच गुठळ्या दिसत नाहीत, आणि पाहणारा सरळ 'ओ' लिहून मोकळा होतो! प्रत्यक्षात त्यांच्या सीरममध्ये (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवात) अँटी-एच असतं, म्हणून ओ गटाचं रक्तसुद्धा त्यांना घातक. बॉम्बे गटाचंच लागतं. चूक पकडली जाते ती उलट तपासणीत. तिथे रुग्णाचं सीरम माहीत असलेल्या पेशींबरोबर तपासतात आणि यांचं सीरम ओ पेशींच्याही गुठळ्या करतं. कार्डावर नुसतं 'ओ' छापलेलं असलं तरी रक्तपेढी क्रॉसमॅच (दात्याचं आणि रुग्णाचं रक्त एकमेकांशी जुळतं का याची तपासणी) का मागते, ते यावरून कळेल. (घाईच्या वेळी नातेवाईक नेमके त्यावरूनच वैतागतात.)