मदत हवी आहे: कपाटातले मूग उन्हातल्यांपेक्षा उंच झाले!

मुग्धा_क:
प्रयोग उलटा पडलाय. मुगाची एक वाटी खिडकीत ठेवली, एक कपाटात. कपाटातले वीतभर, खिडकीतले जेमतेम बोटभर. आता मुलं ठामपणे सांगतायत, "झाडाला ऊन लागतच नाही." परवा शनिवारी पालक बघायला येणार. काय करू? लवकर सांगा प्लीज.

रानवाटा:
मुलं केवढी आहेत? किती दिवस झाले? माती की कापूस? पाणी कोण घालतं?

मुग्धा_क:
पहिली-दुसरीची. आठवडा झाला. कापूस. पाणी मुलंच घालतात, सकाळी दोन्हींत एकेक चमचा.

विनायक६२:
यात अडण्यासारखं काय आहे? कोंब दाण्यातल्या अन्नावर वाढतो. अंधारात तो लांबत जातो आणि हरितद्रव्य तयार होत नाही, म्हणून पिवळट राहतो. प्रकाशसंश्लेषणाचा तक्ता लावा आणि समजावून सांगा.

रानवाटा:
विनायकराव, सगळं आपणच सांगायचं तर मुलांनी वाट्या कशाला मांडल्या? त्यांनी डोळ्यांनी पाहून निष्कर्ष काढलाय, तो खोडू नका. विचारा: रंग कसा आहे? दांडा ताठ आहे का? आणि मुग्धाताई, खिडकीतला कापूस दुपारपर्यंत वाळत असणार. म्हणजे उजेडही बदलला आणि ओलही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

आजीचा_डबा:
लांब मोड हवे असतील तर रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात घट्ट बांधा. मटकीलाही छान येतात.

सुधीर_प:
या वयाला लंबक उत्तम. दोरीला वजन बांधा, दहा झोके मोजा. वजन बदललं तरी वेळ तेवढाच, दोरी लांब केली की वाढतो. अर्ध्या तासात कळतं.

विनायक६२:
त्यापेक्षा पाण्यातल्या मेणबत्तीवर ग्लास पालथा घाला. ऑक्सिजन संपतो, तेवढं पाणी चढतं.

सुधीर_प:
हे चुकीचं शिकवलं जातं. गरम झालेली हवा गार होऊन आकसते, मुख्य कारण ते. त्याच ग्लासाखाली तीन मेणबत्त्या लावून बघा, पाणी जास्त चढेल. ऑक्सिजन तर तेवढाच होता ना?

मुग्धा_क:
अहो, मूग! परवा शनिवार आहे!!

रानवाटा:
कपाटातली अर्धी रोपं कापसासकट दुसऱ्या वाटीत काढून आजच उजेडात ठेवा, कडक उन्हात नको. बाकीची कपाटातच. ओल दोन्हीकडे सारखी. काय होईल ते मुलांना आधी वहीत लिहू दे, मग वाट्या हलवा. शनिवारपर्यंत पानं हिरवी दिसायला लागतील.

मुग्धा_क:
केलं. बहुतेकांनी "मरतील" लिहिलंय, एकीने "हिरवी होतील". कपाटातल्या कापसाला वास येतोय, तेवढा बदलू का?

रानवाटा:
बदला, पण दोन्ही वाट्यांतला.