रिंगर, स्पीकर, बीपर : फॅक्सच्या तीन आवाजांना मराठीत काय म्हणायचं?

मूळ प्रश्न

आत्याकडे फोन आणि फॅक्स एकत्र असलेलं यंत्र आहे. ती घरून करसल्ल्याचं काम करायची. आता ते जवळपास बंद आहे, पण दोन-तीन जुने क्लायंट अजून फॅक्सच करतात. यंत्र फार बोंबलतं अशी तिची तक्रार होती. रविवारी गेले, मेनूत शिरून व्हॉल्यूम कमी केला, चहा प्यायले आणि परत आले. मंगळवारी तिचा फोन : "अगं, रिंग आता स्वयंपाकघरात ऐकूच येत नाही. आणि फॅक्स पाठवताना ते किंचाळणं आहे तसंच आहे!"

झालं असं की या यंत्राला तीन आवाज आहेत आणि तिन्हींची सेटिंग वेगळी. रिंगर, म्हणजे फोन आल्यावर वाजतो तो. स्पीकर, म्हणजे रिसीव्हर न उचलता नंबर लावला की लाइनीवरचं जे काही ऐकू येतं ते. आणि बीपर, म्हणजे बटण दाबलं, काही चुकलं किंवा कागद जाऊन संपला की होणारी पीं. तिला छळत होता दुसरा, मी कमी केला पहिला.

आता मराठीत एक चिठ्ठी लिहून यंत्रावर चिकटवायची आहे. भाषांतराच्या ॲपनं "रिंगर खंड" असं सुचवलं. आत्या म्हणेल, दुसरा खंड कधी निघतोय? चांगले शब्द सुचवा.

उत्तर

खंड हसण्यासारखा आहे खरा, पण ॲप कुठे घसरलं ते कळतं. इंग्रजीत ग्रंथाचा भाग, डब्यात मावणारं घनफळ आणि रेडिओचा आवाज, तिन्हींना एकच शब्द : व्हॉल्यूम. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ गुंडाळी. पूर्वी ग्रंथ गुंडाळीच्या रूपात असायचे म्हणून तो ग्रंथाला चिकटला, ग्रंथाच्या जाडीवरून आकारमानाला, आणि तिथून आवाजाच्या मोठेपणाला. तुमच्या आत्याचं यंत्र थर्मल कागदाच्या रोलवर चालणारं असेल, तर मूळ अर्थानं खरा व्हॉल्यूम त्या रोललाच म्हणायला हवं.

मराठीत ही भानगडच नाही, कारण आपल्याला या नामाची गरज फारशी पडत नाही. आपण रेडिओ मोठा करतो, टीव्ही बारीक करतो. "टीव्हीचा ध्वनिस्तर कमी कर" असं घरात कोणी म्हणालं तर आधी कपाळाला हात लावून बघतील. स्पीकरला ध्वनिवर्धकही नको. "ध्वनिवर्धकाचा ध्वनी कमी करा" हे वाक्य स्वतःशीच भांडतं.

उत्तर

मी टेलिफोन खात्यात होतो, त्यामुळे शब्दांपेक्षा आवाजांबद्दल सांगतो. त्यावरून शब्द तुम्ही शोधा.

ताई, तुमची आत्या ज्याला किंचाळणं म्हणते त्यात एक नाही, निदान तीन गोष्टी आहेत. आधी डायल टोन. मग आपलं यंत्र "मी फॅक्स बोलतोय" असं सांगत राहतं : १,१०० हर्ट्झची शिटी, अर्धा सेकंद वाजते, तीन सेकंद थांबते, पुन्हा वाजते. पलीकडच्या यंत्रानं फोन घेतला की त्याचं उत्तर येतं २,१०० हर्ट्झचं, सलग तीनेक सेकंद. ते अधिक चिरकं. मग दोघांची खरखर, म्हणजे कुठल्या वेगानं बोलायचं याची बोलणी. ही दुसऱ्या बाजूची शिटी म्हणजे आपला तो प्रसिद्ध "टोन". एसटीडी बूथवर फॅक्स करायला गेलेल्यांना आठवेल : "हॅलो, फॅक्स करायचाय, जरा टोन द्या." टोन कोणी वाजवत नसे की पाठवत नसे, टोन देत असत. पलीकडचा स्टार्ट दाबायचा आणि इकडचा म्हणायचा, "आला टोन." हे क्रियापद कुठल्या कोशकारानं ठरवलेलं नाही.

स्पीकर अगदी बंद मात्र करू नका. नंबर चुकून एखाद्याच्या घरी लागला, एंगेज लागला, किंवा "या मार्गावरील सर्व लाइन व्यस्त आहेत" ही बाई बोलू लागली, तर ते कळायचं साधन तेवढंच. आवाज नसेल तर पलीकडचा बिचारा हॅलो हॅलो करत राहतो आणि आपलं यंत्र त्याच्या कानात शिट्या मारतं.

आणखी एक. रिंग किती वाजल्यावर यंत्रानं फोन घ्यायचा, ही सेटिंग आवाजाची नाही, पण माणसं तिथेच गोंधळतात. आपल्याकडची रिंग जोडीनं येते : ट्रिंग-ट्रिंग, मग दोन सेकंद शांतता. ही जोडी मिळून एक रिंग. चारवर ठेवलं तर आत्या आठ मोजेल आणि म्हणेल यंत्र बिघडलंय.

उत्तर

काकांच्या शिट्यांवरून "बारीक" या शब्दाची गंमत सुचली. "टीव्ही बारीक कर" मध्ये बारीक म्हणजे कमी. पण "तिचा आवाज बारीक आहे" मध्ये बारीक म्हणजे नाजूक, वरच्या पट्टीतला. म्हणजे २,१०० हर्ट्झची शिटी एकाच वेळी बारीक आणि मोठी असू शकते, आणि डोकं उठवणारी ती नेमकी तशीच असते! तरी चिठ्ठीत बारीकच लिहा. गॅस बारीक करतो तसा आवाज बारीक करतो, तिथे कोणाला पट्टी आठवत नाही. आमच्या सांगलीकडे बायका "बारका कर" म्हणतात, तेही चालेल.

"आवाज चढवा" मात्र लिहू नका. आवाज माणूस चढवतो, तोही रागात. यंत्राचा आवाज वाढवतात. आत्यानं "आवाज चढवा" वाचलं तर ती यंत्रावर ओरडायची.

बंद करण्यासाठी कोणी "मूक" सुचवेल. बोलीत ते "मुका" होतं आणि "फोनचा मुका करा" अशी चिठ्ठी घरात लावणं बरं दिसत नाही. "बंद" पुरे.

मूळ लेखिका

सगळ्यांचे आभार. काकांच्या सांगण्यावरून स्पीकर बारीकवर ठेवला, बंद नाही. मी पहिल्या कच्च्या चिठ्ठीत रिंगरला "घंटा" लिहिलं होतं. आमच्या चिरंजीवांनी वाचलं आणि पोट धरून हसले. मुंबईच्या पोरांनी त्या शब्दाचं काय केलंय ते इथे लिहीत नाही. "गजर" हाही एक विचार होता, पण गजर आपण लावतो, फोन दुसरा कोणी लावतो. शिवाय गजर म्हटला की पहाटेचं घड्याळ, नाहीतर विठ्ठल.

शेवटी शब्दांचा आग्रह सोडला आणि आवाज कधी होतो तेच लिहिलं :

फोन आल्यावरचा आवाज : मोठा. (हात लावू नये.)
फॅक्स पाठवतानाचा आवाज : बारीक. स्पीकरचं बटण दाबून, डायल टोन येत असताना बाणानं कमी-जास्त होतो. झाल्यावर तेच बटण पुन्हा दाबावे.
बटणांचा आवाज : बंद.
रिंग : चार. (ट्रिंग-ट्रिंग मिळून एक.)

काल आत्याकडे गेले होते. चिठ्ठी चिकटवलेली होती, पण तिसऱ्या ओळीतलं "बंद" खोडून तिनं पेन्सिलीनं "बारीक" केलं होतं. विचारलं तर म्हणाली, "बटण दाबलं गेलं की नाही हे कळायला नको? मी काय चष्मा लावून बसू?"